एअरलाइनचं नाव सगळ्यात शेवटी बघा

पोरगा एम.एस.ला निघाला, किंवा लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जायचं ठरलं, की घरात पहिला वाद सुरू होतो तो एमिरेट्स बरी की एअर इंडिया बरी यावर. सोलापुरातून निघणाऱ्यानं हा वाद खुशाल शेवटी घालावा. विमान कुठल्या शहरातून पकडायचं, मध्ये कुठे उतरायचं आणि बॅगा किती न्यायच्या, हे ठरलं की यादीत दोन-तीनच कंपन्या उरतात. मग नावावरून भांडायला फारसं काही राहत नाही.

आधी शहर. आपल्याकडे परदेश म्हटलं की सवयीनं मुंबई. मुंबई चारशे किलोमीटर. पुण्याचा ट्रॅफिक आणि खंडाळ्याचा घाट धरून गाडीनं आठ तास लागतात, रविवारी संध्याकाळी त्याहून जास्त. हैदराबादचा शमशाबाद विमानतळ तीनशे-सव्वातीनशे किलोमीटरवर आहे. नळदुर्ग, उमरगा, जहीराबाद करत पाटनचेरूजवळ आउटर रिंग रोडला लागायचं, शहरात शिरावंच लागत नाही. साडेपाच-सहा तासांत माणूस टर्मिनलसमोर उभा. एमिरेट्स, कतार, एतिहाद, लुफ्तान्सा, ब्रिटिश एअरवेज, सिंगापूर या सगळ्या तिथून उडतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू कुटुंबांना हे सांगावं लागत नाही, त्यांचे निम्मे पाहुणे तिकडेच असतात. बाकीचं सोलापूर मात्र हैदराबादचा भाव न बघताच मुंबईचं तिकीट काढतं. दोन्ही शहरांचे भाव काढा आणि त्यात गाडीभाडं, टोल, लागलंच तर एका रात्रीचं लॉज मिळवा. मुंबईत पर्याय जास्त आहेत हे खरं. एअर इंडियाची थेट विमानं, एअर फ्रान्स, स्विस, व्हर्जिन, टर्किश वगैरे तिथे मिळतात. पुण्याहून लांब पल्ल्याचं थेट काही नाही.

सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून २०२५पासून मुंबईला विमान आहे, म्हणून घरापासूनच उडावं असा मोह होतो. मोह आवरा, किंवा निदान हिशेब तरी करा. हे तिकीट बहुधा वेगळं काढावं लागतं. देशांतर्गत तिकिटावर साधारण १५ किलो सामान चालतं, आणि अमेरिकेच्या तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा म्हणजे ४६ किलो. वरच्या ३१ किलोचे पैसे होटगी रोडलाच किलोमागे मोजावे लागतात. शिवाय छोटं विमान रद्द झालं तर मोठं विमान थांबत नाही, आणि दोन वेगळी तिकिटं असतील तर पुढची कंपनी तुमचं काही देणं लागत नाही. त्यामुळे दोन्हींत अंतर ठेवायचं ते विमान रद्द झालं तरी गाडीनं पोचता येईल इतकं. आठ तास रस्ता आणि तीन तास विमानतळ, म्हणजे अकरा-बारा तास. एवढं अंतर ठेवायचंच असेल तर सकाळी सहाची वंदे भारत काय वाईट? दुपारी साडेबाराच्या सुमारास मुंबई, दादरला उतरायचं, आणि रात्रीच्या विमानापर्यंत कुणाकडे तरी टेकायचं. ती आठवड्यातून एक दिवस नसते, तेवढं बघून घ्या.

तारखेची गोची इथेच होते. मुंबईहून आखात आणि युरोपची बरीच विमानं मध्यरात्र ते पहाटेच्या दरम्यान सुटतात. तिकिटावर '१५ तारीख, ०२:३०' असेल तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्री साडेअकराच्या आत पोचायचं असतं, म्हणजे सोलापूर १४च्या सकाळीच सोडायचं. १५ला दिवसभर बॅगा भरू म्हणणाऱ्यांचं विमान तोवर समुद्रापार गेलेलं असतं. तिकिटावरची वेळ त्या त्या शहराची स्थानिक असते, हेही ज्येष्ठांना कागदावर लिहून द्या.

आता मध्ये कुठे उतरायचं. खरी निवड इथे आहे, आणि सगळ्यात जास्त पैसे वाया जातात तेही इथेच. दुबई, दोहा, अबू धाबी इथे एकाच तिकिटावर आत राहून विमान बदलायला भारतीय पासपोर्टला व्हिसा लागत नाही. युरोप आणि लंडनचं तसं नाही. तिथले नियम देशागणिक वेगळे आहेत आणि बदलतातही. अमेरिका किंवा कॅनडाचा चालू व्हिसा असला की बहुतेक ठिकाणी सूट मिळते, म्हणून नव्यानं शिकायला निघालेल्या पोराला अडचण येत नाही. अडचण येते ती अमेरिकेत एच-वनबी या नोकरीच्या व्हिसावर पाच-सहा वर्षं राहून गावाकडे यायला निघालेल्याला. त्याच्याकडे मुक्कामाचा कागद चालू असतो, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला असतो. लंडनसारख्या ठिकाणामार्गे तिकीट असेल तर चेक-इनच्या काउंटरवरच त्याला अडवू शकतात. काउंटरवरचा माणूस 'टिमॅटिक' नावाच्या व्हिसा-नियमांच्या डेटाबेसमध्ये बघतो, तिथे 'नाही' आलं की वाद घालून उपयोग नाही. शिक्का संपला असेल तर थेट विमान किंवा आखात.

दुसरा सापळा म्हणजे शेंगेनमधले, म्हणजे एकच सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांतले, दोन थांबे. मुंबई-फ्रँकफर्ट-म्युनिक-शिकागो असं तिकीट स्वस्त दिसतं. पण फ्रँकफर्ट ते म्युनिक हा तिथला देशांतर्गत प्रवास, म्हणजे तुम्ही शेंगेनमध्ये शिरलात. त्याला पूर्ण शेंगेन व्हिसा लागतो, अमेरिकेचा व्हिसा तिथे कामाचा नाही.

अमेरिकेला जाताना पहिल्या अमेरिकी विमानतळावर इमिग्रेशन, मग पट्ट्यावरून बॅगा उचलणं, कस्टम्स, मग बॅगा परत द्यायच्या आणि पुन्हा सुरक्षा तपासणी, असा फेरा असतो. बॅगेवर शेवटच्या शहराचा टॅग असला तरी साधारणपणे हे करावंच लागतं. म्हणून न्यूयॉर्क किंवा शिकागोत पुढचं विमान असेल तर तीन तासांहून कमी अंतर घेऊ नका. अबू धाबीचा फायदा असा, की तिथे २०१४पासून अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स विमानात बसण्याआधीच उरकतं. अमेरिकेत उतरल्यावर तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे सरळ बाहेर. आई-वडील एकटे जात असतील तर मला हा मार्ग आवडतो, पण अबू धाबीत तीन तासांचा थांबा हवाच. तिथली रांग लांबली आणि थांबा दीड तासाचा असला, तर सगळी सोय उलटते.

आखाताची दुसरी बाजूही आहे. २३ जून २०२५ला कतारनं आपली हवाई हद्द काही तास बंद केली आणि दोह्याचं सगळं वेळापत्रक कोलमडलं. असं झालं की एका तिकिटावरच्या प्रवाशाला पुढचं विमान लावून देणं कंपनीकडे येतं, दोन तिकिटांवरचा प्रवासी वाऱ्यावर. एअर इंडियाची अडचण वेगळी. २४ एप्रिल २०२५पासून पाकिस्ताननं आपली हद्द भारतीय कंपन्यांना बंद केली. त्यामुळे दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी विमानं लांबून वळसा घेऊ लागली, काही इंधनासाठी युरोपात उतरू लागली, आणि दिल्ली-वॉशिंग्टन १ सप्टेंबर २०२५पासून थांबवावं लागलं. परदेशी कंपन्यांवर ही बंदी नव्हती. म्हणून जाहिरातीतले तास बघू नका. फ्लाइटरडार किंवा फ्लाइटअवेअरवर तो फ्लाइट नंबर टाकून मागच्या दहा-पंधरा दिवसांत प्रत्यक्ष किती वाजता उतरलं ते बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

उशिराच्या भरपाईबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. युरोपियन युनियनच्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार ३५०० किलोमीटरहून लांबच्या प्रवासात चार तास किंवा जास्त उशीर झाला आणि चूक कंपनीची असेल तर माणशी ६०० युरो मिळतात. युरोपियन युनियनमधून निघणारं कुठलंही विमान यात येतं. पण मुंबई किंवा हैदराबादहून युरोपला जाताना फक्त युरोपीय कंपनी असेल तरच हा नियम लागतो. म्हणजे मुंबईहून लुफ्तान्सा रखडली तर भरपाई, त्याच रात्री आखाती कंपनी रखडली तर या नियमाखाली काही नाही. लंडनच्या कंपन्यांना ब्रिटनचा असाच नियम आहे, रक्कम ५२० पाउंडांपर्यंत. खराब हवामान, बंद हवाई हद्द यात पैसे मिळत नाहीत, जेवण आणि हॉटेल मात्र द्यावं लागतं. भावात पाच हजारांचा फरक असेल तर ही गोष्ट मी नक्की धरेन.

विमानाची जात. गूगल फ्लाइट्सवर प्रत्येक फ्लाइटखाली ती लिहिलेली असते. बोइंग ७७७मध्ये आता बहुतेक कंपन्या इकॉनॉमीत एका रांगेत दहा जण बसवतात, ३-४-३, खुर्ची साधारण १७ इंच रुंद. एअरबस ए३५०मध्ये बहुधा नऊ, ए३३०मध्ये आठ, ए३८०मध्ये दहाच पण विमानच रुंद असल्यानं खुर्ची १८ इंचांच्या आसपास. बोइंग ७८७ आणि ए३५० यांची बॉडी कार्बन फायबरची असल्यानं आतला हवेचा दाब सहा हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवता येतो, जुन्या विमानांत तो आठ हजार फुटांपर्यंतचा असतो. हवाही थोडी कमी कोरडी. चौदा तासांनंतर डोकं जड होणं, घसा सुकणं यात फरक पडतो. नवरा-बायको दोघंच असतील तर ए३३०च्या कडेच्या दोन खुर्च्या उत्तम. ७७७च्याही शेवटच्या काही रांगांत शेपटीकडे विमान निमुळतं होतं म्हणून कडेला दोनच खुर्च्या असतात. शौचालय जवळ असतं, त्याची तयारी ठेवा. कुठली रांग कशी ते एअरोलोपा या सीट-नकाशांच्या साइटवर बघा.

तिकिटावर 'ऑपरेटेड बाय' काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय पैसे भरू नका. नंबर एका कंपनीचा आणि विमान दुसरीचं असेल तर सीट, जेवण, व्हीलचेअर हे सगळं प्रत्यक्ष उडवणाऱ्या कंपनीकडे पोचलंय का, फोन करून विचारा. जेवणात 'हिंदू मील' म्हणजे शाकाहारी नव्हे. त्यात कोंबडी, मासे येऊ शकतात, गोमांस नसतं. आपल्याला हवं ते 'एशियन व्हेजिटेरियन', कोड एव्हीएमएल. 'व्हेगन' घेतलं तर दूध-दही-तूप गायब. कांदा-लसूणही नको असेल तर जैन मील. व्हीलचेअरला पैसे पडत नाहीत, पण ४८ तास आधी सांगा आणि कोड बरोबर सांगा. जिना चढता येत असेल तर डब्ल्यूसीएचआर, जिना जमत नसेल तर डब्ल्यूसीएचएस. विमान पुलाला न लागता लांब मैदानात उभं राहिलं की हा फरक गुडघ्यांना कळतो.

सामान. अमेरिका-कॅनडाला बॅगा मोजतात, बाकी बऱ्याच मार्गांवर एकूण किलो. युरोपीय कंपन्यांच्या सगळ्यात स्वस्त 'लाइट' भावात काही वेळा एकही बॅग नसते, आणि तोच भाव सर्च साइटवर वर दिसतो. एकेक बॅग ३२ किलोच्या वर साधारणपणे घेतच नाहीत. विद्यार्थ्यांसाठी अनेक कंपन्यांचा वेगळा भाव असतो आणि त्यात एक जादा बॅग मिळू शकते. दोन सोलापुरी चादरी टाकायच्या तर आधी काट्यावर ठेवा, त्यांच्या वजनाचा नेम नाही.

खाऊचं मात्र नीट ऐका. शेंगा चटणी हँडबॅगेत नको. अमेरिकेला जाताना ३५० मिलीहून जास्त पूड असेल तर उघडून बघतात, आणि समाधान झालं नाही तर तिथेच ठेवून जावी लागते. ती चेक-इनच्या बॅगेत, दोन पिशव्यांत, वरून टेप लावून. कडक भाकरी खुशाल हातात न्या, चेक-इनमध्ये तिचा चुरा होतो. सुकं खोबरं टाळा, तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून भारतीय विमानतळांवर काढून ठेवतात. आणि काळ्या मसाल्यात किंवा लाडवांत खसखस असेल तर आखात किंवा सिंगापूरमार्गे जाताना ती घरीच राहू द्या. त्या देशांत खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात येते. मसाला मुद्दाम बिनखसखशीचा कुटून घ्या. पॉवर बँक फक्त हँडबॅगेत, १०० वॉट-तासांपर्यंत. २०,००० एमएएचची म्हणजे सुमारे ७४, चालते. एमिरेट्समध्ये १ ऑक्टोबर २०२५पासून माणशी एकच, आणि विमानात वापरायची नाही.

भाव कुठेही बघा, पैसे शक्यतो कंपनीच्याच साइटवर भरा. वेळ बदलली की पोर्टल कंपनीकडे बोट दाखवतं, कंपनी पोर्टलकडे. नवी पेठेतल्या ओळखीच्या एजंटाकडून काढायचंच असेल तर एअरलाइनचा सहा अक्षरी पीएनआर मागून घ्या आणि बुकिंगमध्ये स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल घालायला लावा, नाहीतर वेळ बदलल्याचा निरोप एजंटाच्या इनबॉक्समध्ये पडून राहतो.

बॅग आलीच नाही तर विमानतळ सोडायच्या आत काउंटरवर पीआयआर, म्हणजे बॅगेच्या तक्रारीची नोंद, लिहून घ्या. फुटली असेल तर सात दिवसांत, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी दावा करावा लागतो. माँट्रियल कराराप्रमाणे २८ डिसेंबर २०२४पासून कमाल भरपाई १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे दीड लाख रुपयांच्या वर. बॅगेत काय होतं हे सिद्ध करायला ती बंद करण्याआधी मोबाइलवर दोन फोटो काढून ठेवा, आणि बोर्डिंग पासवर चिकटवलेली टॅगची पावती घरी पोचेपर्यंत फेकू नका.