मिरज ते लोंढा, आल्कोच्या मागं एकदा शेवटचं

टिळकवाडीत दुसऱ्या गेटला अडकून उभा होतो तेव्हा फोन आला. मिरज-लोंढा पॅसेंजरला सध्या पुणे शेडचं आल्को, म्हणजे जुन्या धाटणीचं डिझेल इंजिन लागतंय, खरं थोडेच दिवस, मग लिंक, म्हणजे कुठल्या गाडीला कुठलं इंजिन ते, बदलणार. सांगणारा रेल्वेतला ओळखीचा, त्यामुळं शंका घ्यायचं कारण नव्हतं. आणि तेवढ्यात गेटमधून इलेक्ट्रिक इंजिनाची मालगाडी गेली, आली कधी ते कळलंच नाही, एक सूं आवाज आणि मग नुसते वॅगन. आमच्या लहानपणी इंजिन देसूरकडून निघालं की घरातल्या भांड्यांना कळायचं. त्याच संध्याकाळी रजा टाकली.

बेळगावात राहून मिरजेहून सुरुवात करायची म्हणजे आदल्या दिवशी उलटं जायला लागतं. ताई मिरजेत असते म्हणून सोय झाली, आणि भाचा पण "मामा मी येणार" म्हणून मागं लागला. वय वर्षं दहा, इंजिनापेक्षा खिडकी आणि खाणं हा इंटरेस्ट जास्त.

सकाळी प्लॅटफॉर्मवर गेलो तर इंजिन उभं होतं, डब्ल्यूडीएम ३ए, रंग उडालेला, पायऱ्यांवर ऑइलचे ओघळ, आणि तो आयडलिंगचा, म्हणजे उभ्या जागी इंजिन चालू असतानाचा आवाज, म्हणजे मोठ्या पातेल्यात काहीतरी जाड जाड उकळतंय असा, मधेच एखादा ठोका चुकल्यासारखा. १६ सिलिंडर, ३१०० अश्वशक्ती. मूळ डिझाइन अमेरिकेच्या आल्को कंपनीचं, पहिली इंजिनं १९६२ला तिकडून आली, आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनायला लागली. एवढं भाच्याला सांगेपर्यंत तो वडापाव बघून आला होता.

आता बसायचं कुठं. इंजिनाला लागून बहुतेक एसएलआर डबा असतो, अर्धा सामानाचा, उरलेल्या जागेत बरेचदा महिलांचा किंवा दिव्यांगांचा राखीव भाग, तिथं घुसू नका, उगीच भांडण होतं आणि आपलीच चूक असते. त्याच्या मागचा पहिला जनरल डबा पकडा. जाताना डावीकडची खिडकी, कारण सकाळचं ऊन त्या बाजूला असतं आणि डाव्या वळणावर इंजिन उजेडात दिसतं. ऊन तोंडावर येतं, टोपी ठेवा. पांढरा शर्ट घालू नका. मी घातला होता.

मिरज सोडलं की बराच वेळ सपाट, ऊसच ऊस. उगारला साखर कारखान्याचा वास डब्यात येतो, मग कृष्णेचा पूल आणि पलीकडं कुडची. पुलावर इंजिनाचा आवाज एकदम पोकळ होतो, तेवढं ऐका. चिंचलीला मायाक्का देवीची मंडळी चढली-उतरली, यात्रेच्या दिवसात मात्र हा प्रवास करूच नका, डब्यात पाय ठेवायला जागा मिळायची नाही. रायबागला एक अज्जी समोर येऊन बसली, मांडीवर पिशवी, पिशवीत शेपू. घटप्रभेला चिरमुरे आणि मिरची भजी घेतली, भाचा खूश.

आता खरा मुद्दा. सगळे लोक दूधसागरच्या मागं पळतात. तो कॅसलरॉक-कुळेचा घाट १:३७ चढाचा आहे, म्हणजे ३७ मीटरला एक मीटर वर, मान्य, फोटो भारी येतात तेही मान्य. खरं आल्को ऐकायचं असेल तर माझ्या मते गोकाक रोड ते सुळेभावी, मधे पाच्छापूर. घटप्रभेचं खोरं सोडून गाडी बेळगावच्या पठारावर चढते, वळणं आहेत, दोन्ही बाजूला खडकाळ माळ आहे, आणि आवाज त्या खडकावर आपटून परत येतो. ड्रायव्हरनं नॉच उघडला, म्हणजे इंजिनाचा जोर एक पायरी वाढवला, की आधी एक दम घेतल्यासारखी गप्प, मग काळा धूर भस्सकन वर, आणि मग टर्बोची, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याची शिटी हळूहळू चढत जाते. धूर का येतो तर डिझेल लगेच वाढतं खरं टर्बो फिरायला वेळ लागतो, तेवढ्यात हवा कमी पडते आणि डिझेल अर्धवट जळतं. म्हणजे दोषच म्हणायचा, आणि आम्ही त्यासाठी रजा टाकून जातो.

ह्याच चढासाठी मी रेकॉर्डर आणला होता, माईकला वाऱ्यासाठी स्पंजची टोपी पण लावली, खिडकीच्या आतच धरून बसलो. बरोब्बर पाच्छापूर सुटल्यावर अज्जीनं विचारलं,
"काय करूलालास बाळा?"
"इंजिनाचा आवाज घेतोय, अज्जी."
"आवाज? घेऊन काय करणार?"
मी हातानं खुणावलं जरा थांबा म्हणून. तिला वाटलं मला ऐकू येत नाही, ती अजून जोरात, "लगीन झालंय का?" भाचा म्हणाला नाही झालं. मग काय, सुळेभावीपर्यंत.

बेळगावला गाडी थांबते तेव्हा पुढं जाऊन इंजिन बघून या, खरं लांब जाऊ नका, अंदाज चुकतो. इथून पुढं देसूर, खानापूर, मलप्रभेचा पूल, आणि गुंजीनंतर जंगल लागतं. मोबाईलची रेंज जाते, तिकीट फोनवर असेल तर आधीच उघडून ठेवा. लोंढ्याला इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागतं, ते बघायला सगळ्यात बरी जागा म्हणजे फूटओव्हर ब्रिज. मिरजेहून येताना लाँग हूड पुढं होतं, म्हणजे ड्रायव्हरला त्या लांबलचक नाकावरून सिग्नल शोधायला लागतो, परतीला केबिन पुढं. खाली रुळात उतरून फोटो काढणारे दोघं होते, आरपीएफनं, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलानं, शिटी मारून हाकललं, बरोबरच केलं. दूधसागरला रुळावरून चालत जाण्यावर तर बंदी आहे, पावसाळ्यात तिथं पकडून उठाबशा काढायला लावल्याचे व्हिडिओ २०२३ला सगळ्यांनी बघितलेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आता वर २५,००० व्होल्टची वायर आहे आणि बाजूचे खांब दिसतात त्यापेक्षा जवळ असतात. डोकं, हात, सेल्फी स्टिक काहीही बाहेर काढू नका.

तुम्ही जाल तेव्हा आल्कोच मिळेल ह्याची खात्री नाही. नुसतं ऐकायचं असेल तर खडीच्या गाडीला, शंटिंगला अजून दिसतात, यार्डाच्या बाजूच्या रस्त्यावर थांबलं की पुरे. गाडीच्या पुढं कुठलं इंजिन आहे हे प्लॅटफॉर्मवर बघूनच तिकीट काढा, मिरजेला रांग मोठी असते म्हणून अर्धा तास आधी जा.

घरी येऊन रेकॉर्डिंग लावलं. चढाचं अकरा मिनिटांचं आहे, त्यातली सात मिनिटं अज्जी. बाबांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं आता नॉचबद्दल काहीतरी बोलतील, तर म्हणाले, "ही बाई रायबागकडची दिसते." इंजिन कुठलं ते विचारलंच नाही. त्यांचं म्हणणं, रेल्वे मीटरगेजचे अरुंद रूळ गेले तेव्हाच संपली.