अ‍ॅसिडिटीची गोळी सोबत घेतली म्हणून झालं?

"पेनकिलर रोज चालू आहे, पण सोबत पॅन्टोप्राझोल घेतो, त्यामुळे काळजी नाही." गुडघेदुखी, संधिवात, कंबरदुखी यांसाठी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांचं हे ठरलेलं वाक्य. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच घात होतो.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही सगळी एकाच घरातली भावंडं. शरीरातलं कॉक्स नावाचं एन्झाइम ती अडवतात. मग प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन कमी तयार होतं आणि दुखणं, सूज उतरते. पण प्रोस्टाग्लँडिनला इतरही कामं असतात. जठराच्या अस्तरावरचा संरक्षक थर तेच राखतं आणि किडनीत रक्त आणणारी बारीक वाहिनी गरजेच्या वेळी तेच रुंद ठेवतं. गोळी गुडघ्यासाठी घेतली असली तरी ही कामंही बंद पडतात.

म्हणून "इंजेक्शन घेतलं की पोटाला लागत नाही" हा समज चुकीचा. गोळी जठरात विरघळून जे नुकसान करते ते थोडं. मोठं नुकसान रक्तात मिसळलेल्या औषधाचं असतं. इंजेक्शन, सपोझिटरी, आतड्यात विरघळणारी कोटिंगची गोळी, कशानेही ते टळत नाही.

पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल इथे खरोखर उपयोगी आहे. 65 च्या पुढचं वय, पूर्वीचा अल्सर, स्टेरॉइड, रक्त पातळ ठेवणारी औषधं किंवा एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिनसारख्या नैराश्यावरच्या गोळ्या यांपैकी काही असेल तर ते हवंच. फक्त जेवणानंतर आठवेल तेव्हा घेऊन फारसा उपयोग नाही. साधारण अर्धा तास आधी, रिकाम्या पोटी घ्यायचं. अल्सर पूर्वी होऊन गेला असेल तर दीर्घ उपचाराआधी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी करून घ्यावी. जंतू आणि पेनकिलर मिळून अल्सरचा धोका आणखी वाढवतात.

पण ही गोळी फक्त आम्ल कमी करते. लहान आतड्यात जखमा होतात त्या आम्लामुळे नाहीत, त्यामुळे तिथे तिचं काही चालत नाही. शिवाय पेनकिलर दुखणंच दाबत असल्याने अल्सर बऱ्याचदा गुपचूप वाढतो. पहिली खूण पोटदुखी नसून घसरलेलं हिमोग्लोबिन किंवा डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच असू शकते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण तशी चिकट होत नाही. शंका असेल तर घरी बसून फरक ओळखत राहू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

किडनीचं तर ही आम्ल कमी करणारी गोळी काहीच राखत नाही. एरवी धडधाकट माणसाची किडनी प्रोस्टाग्लँडिनशिवायही निभावून नेते. शरीरातलं पाणी कमी झालं की मात्र तिला त्याच आधाराची गरज पडते. बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल, जोडीला लघवी वाढवणारी गोळी आणि वर पेनकिलर, हे त्रिकूट सगळ्यात वाईट. पेनकिलर किडनीत रक्त येण्याचा मार्ग अरुंद करते, बीपीची गोळी बाहेर जाण्याचा मार्ग सैल सोडते, लघवीची गोळी पाणीच कमी करते. गाळण्यासाठी लागणारा दाब पडतो आणि रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, चढतं. जुलाब-उलट्या, जोराचा ताप किंवा उपास असेल तेव्हा पेनकिलर बंद ठेवायची. बाकीच्या दोन गोळ्यांचं काय करायचं ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचं. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम औषध सुरू करण्याआधी तपासावं. धोका असलेल्यांनी एक-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावं. लघवी नेहमीसारखी होते म्हणजे किडनी ठीक, हा निकष चुकीचा आहे.

याच पेनकिलरनी शरीरात मीठ आणि पाणी साठतं. आटोक्यातला बीपी अचानक बिघडला तर बीपीची गोळी वाढवण्याआधी पेनकिलरकडे बघावं. एटोरिकॉक्सिबसारख्या 'पोटाला सौम्य' गोळ्यांचाही किडनीवर परिणाम तोच. त्या रक्ताची गुठळी होऊ न देणारं प्रोस्टासायक्लिन कमी करतात, गुठळीला मदत करणारं थ्रॉम्बॉक्झेन मात्र तसंच राहतं. याच जातीची रोफेकॉक्सिब 2004 मध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे बाजारातून मागे घ्यावी लागली. हृदयासाठी छोटी साधी अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी आयबुप्रोफेन अ‍ॅस्पिरिननंतर किमान अर्ध्या तासाने किंवा तिच्या 8 तास आधी घ्यावं. नाहीतर अ‍ॅस्पिरिनची जागा अडते आणि ती वाया जाते.

पॅरासिटामॉल वेगळ्या घरातलं. त्याचा भार यकृतावर. निरोगी प्रौढाची कमाल मर्यादा दिवसाला 4 ग्रॅम, म्हणजे 650 च्या सहा गोळ्यांतच ती जवळपास संपते. रोज घ्यायचं असेल, वजन कमी असेल किंवा दारूची सवय असेल तर मर्यादा आणखी खाली, ती डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. गोंधळ होतो तो नावांमुळे. सर्दीची गोळी, अ‍ॅसिक्लोफेनॅकची जोडगोळी, ट्रॅमाडॉलची जोडगोळी, तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकतं. स्ट्रिपवरचं मोठं नाव सोडून खालची बारीक अक्षरं वाचावीत.

ट्रॅमाडॉल आणि तत्सम ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीच्या, औषधांची सुस्ती-मळमळ काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता ओसरत नाही. तिथे नुसतं इसबगोल घेतलं तर मंदावलेल्या आतड्यात गोळा साठतो. आतड्याला हलवणारं सेन्ना किंवा बिसाकोडिल पहिल्या दिवसापासून लागतं. ट्रॅमाडॉल आणि नैराश्यावरची गोळी एकत्र आली तर झटके येऊ शकतात, शिवाय सेरोटोनिन वाढून कंप, घाम, बेचैनी होऊ शकते. वर्षभर घेतलेलं ओपिऑइड एकदम तोडू नये. महिन्याला साधारण 10 टक्के किंवा त्याहून हळू, तेही देखरेखीखाली.

नसांच्या दुखण्यावरच्या प्रीगाबालिनने पाय सुजतात, वजन वाढतं, तोल जातो. ते जवळपास सगळं किडनीवाटेच बाहेर पडतं. त्यामुळे एका पेनकिलरने किडनी मंदावली की दुसऱ्याचा नेहमीचाच डोस जास्त ठरतो. म्हातारं माणूस अचानक झोपाळू झालं, धडपडायला लागलं, तर त्याला वयावर ढकलण्याआधी क्रिएटिनिन बघा.

डोकेदुखीवाल्यांसाठी गणित निराळंच. साधी गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, मिश्र गोळ्या किंवा मायग्रेनवरची ट्रिप्टान 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते. डोस किती याहून दिवस किती हे महत्त्वाचं, म्हणून कॅलेंडरवर खूण करत जावं.

गुडघा किंवा बोटांचे सांधे दुखत असतील तर गोळीआधी डायक्लोफेनॅकचा जेल दोन-तीन आठवडे नेमाने लावून बघण्यासारखा आहे. गोळीच्या तुलनेत साधारण 6 टक्केच औषध रक्तात पोहोचतं. खुब्याच्या सांध्यापर्यंत मात्र तो झिरपत नाही, तिथे चोळून फक्त ट्यूब संपते.