खेचरांचा पोळा

फौजेतलं सणाचं जेवण म्हटलं की बडा खाना. दिवाळी, होळी, पलटणीचा स्थापना दिवस; त्या दिवशी साहेब लोक, जेसीओ आणि जवान एकाच तंबूत जेवतात. चिकन, पनीर, गुलाबजाम. नाव ठेवायला जागा नाही. पण आम्हा वऱ्हाडातल्या पोरांचा खरा सण पोळा, आणि पोळ्याचा बडा खाना कोणी लावत नाही.

मी काश्मीरात गुरेझला होतो तेव्हाची गोष्ट. राजदान खिंड बर्फानं बंद व्हायच्या आत वरच्या चौक्यांवर हिवाळ्याचं रेशन आणि रॉकेल चढवून ठेवावं लागतं. श्रावणातली अमावस्या नेमकी या ऐन धांदलीत येते. गाडीरस्ता संपला की पुढचं सगळं खेचरांच्या पाठीवर.

आदल्या संध्याकाळी बाबांना फोन लागला. घरी खांदशेकणी चालली होती. बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि म्हणायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ मी कुरकुरलो, इथं ना बैल, ना पळसाचं पान.

“तिथं वझं कोन वाह्यते?”

“खेचरं.”

“मंग त्यायलेच दे ना आवतन!”

फोन ठेवला आणि वर्ध्याकडच्या एका दोस्ताला घेऊन थेट लंगर, म्हणजे पलटणीचं स्वयंपाकघर गाठलं. चणाडाळ, साखर, आटा, तूप, चहातली वेलची, सगळं रेशनमध्येच असतं. अडचण डाळ शिजण्याची. बारा हजार फुटांवर पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ रात्रभर ठेवली तरी दाताखाली कचकचते. कुकरला किती शिट्ट्या दिल्या ते विचारू नका. पुरणयंत्र कुठून आणणार? आटा चाळायच्या चाळणीवर स्टीलच्या मगाच्या बुडानं डाळ घासली. उत्तर प्रदेशचा कुक बाजूला उभा राहून पाहत होता. शेवटी न राहवून म्हणाला, “दाल में चीनी? खराब हो गई थी क्या?” कढीचा बेत मात्र सोडला. पावडरच्या दुधाचं दही त्या थंडीत विरजलंच नाही.

पोळ्याला बैल जुंपत नाहीत, पण खेचरांना सुट्टी कोण देणार? ती सकाळी माल घेऊन गेलीच. संध्याकाळी उतरली तेव्हा आम्ही हळद आणि मोहरीचं तेल घेऊन उभे. खोगीर उतरल्यावर पाठ सोलवटली आहे का, हे त्यांचे ड्रायव्हर रोज बघतातच. त्या दिवशी आम्हीही हात लावला. फौजी खेचराच्या खुरावर नंबर असतो. एका दांडग्या मादीचा नंबर वाचून दोस्तानं तिला नंबरानिशी आवतन दिलं. आवतन आणि जेवण एकाच दिवशी झालं, पण चालतं. त्यांच्या हवालदारानं आधीच बजावलं होतं, “एक-एक टुकडा, बस.” बरोबरच होतं. खेचराचं पोट धरलं तर दुसऱ्या दिवशी त्याचं वझं कोणाच्या पाठीवर येणार, ते सगळ्यांना ठाऊक होतं. मादीनं तुकडा हुंगला, चघळला आणि माझी बाही धरून ओढली. एकानं तोंडच फिरवलं. हिमाचली ड्रायव्हर म्हणाला, “ये तो मेरे हाथ से भी नखरे करता है.” आणि त्याच्या वाटचा तुकडा त्यानं स्वतःच खाल्ला.

मग आम्ही जेवलो. वाटीत तूप, त्यात पोळी बुडवून. तूप गोठायच्या आत उरकावं लागत होतं.

दिवाळीच्या बड्या खान्याला त्या कुकनं कोणी न सांगता पुरणपोळी केली, अख्ख्या कंपनीसाठी. साहेबांनी दोनदा घेतली. पण त्यानं ती पराठ्यासारखी लाटलेली, आत पुरण नावापुरतं. दोस्त पोळी उलगडून बघत माझ्या कानाशी म्हणाला, “हे खेचरालेही नसतं चाललं, गड्या.”