टाकीतला बोटभर पाइप

मुंबईहून परत येताना कसाऱ्याच्या चढावर गाडी दम टाकते, एवढीच तक्रार. गिऱ्हाईक नाशिक-मुंबई विमानतळाची भाडी मारणारं, गाडी पेट्रोलची, इंजेक्शनवाली. महिन्याभरापूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात फ्युएल पंप बदलून झाला होता. आठेक दिवस गाडी झकास पळाली, मग पुन्हा तेच. सकाळी सेल्फ लांब मारावा लागतो, चढावर पिकअप नाही. पेट्रोलचा वास? नाही. गाडीखाली थेंब? तोही नाही.

"दादा, हे सगळं त्या ई20चं नाटक," तो म्हणाला. 2023 साली ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, पंपांवर यायला लागलं, तेव्हापासून गाडीला नुसती शिंक आली तरी लोक इथेनॉलला शिव्या घालतात.

इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, म्हणजे रेलवर, दाब मोजायचं गेज लावलं. ह्या गाडीला साडेतीन बारच्या आसपास दाब लागतो. काटा जेमतेम दोनवर गेला आणि चावी बंद करताच खाली बसला. पंप नवा, फिल्टर बरा, बाहेर कुठे ओल नाही. राहिली एकच जागा, टाकीचं पोट. तिथली गळती कोणाला दिसणार? सांडलेलं पेट्रोल टाकीतच पडतं.

बॅटरीची वायर काढली, गाडी उघड्यावर घेतली, मागची सीट उचलून पंपाचं अख्खं मॉड्यूल बाहेर काढलं. पंपाचं तोंड आणि झाकणाची नळी जोडणारा एक बोटभर पाइप असतो. कंपनीतून तो नायलॉनचा, वळ्यावळ्यांचा येतो आणि नोझलवर इतका घट्ट बसवलेला असतो, की ओढून काढताना बहुतेक वेळा चिरतोच. पंप बदलणाऱ्याचंही तेच झालं असणार, कारण त्या जागी काळा रबरी होज आणि दोन क्लिपा होत्या. बोटानं दाबलं तर वरचं रबर भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखं सुटून आलं. क्लिपेखालचं रबर फुगून दोन्ही बाजूंना सरकलेलं, क्लिप हातानं गरगर फिरत होती. खालच्या जाळीत काळे कण.

भंगार पाइप घातला असेल म्हणून पुसून छाप वाचली, तर एसएई 30आर9, एसएई म्हणजे पाइपांचे दर्जे ठरवणारी अमेरिकन संस्था. म्हणजे माल चांगला, इंजेक्शनच्या गाड्यांसाठीचाच. कार्बोरेटरच्या जमान्यातला साधा 30आर7 नायट्राइल रबराचा, कमी दाबाचा. 30आर9ला आतून फ्लुरोरबराचं अस्तर असतं, ते पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींना दाद देत नाही. ब्लेडनं पाइप उभा चिरून गिऱ्हाइकापुढे धरला. आतलं अस्तर कोरं करकरीत, वाट लागली होती ती बाहेरच्या थराची. बाहेरच्या रबराचं काम इंजिनची धग, हवा आणि ऑइलचे शिंतोडे सोसायचं. त्याला रात्रंदिवस पेट्रोलात बुडवून ठेवलं तर ते पेट्रोल पिणार आणि फुगणारच. बुडवायचा पाइप वेगळा, 30आर10, आतून-बाहेरून दोन्हीकडून टिकणारा. इथेनॉलनं नायट्राइलसारखी रबरं जास्त फुगतात हे खरं, त्यामुळे ई20नं घाई केली असेल. पण हा पाइप निव्वळ पेट्रोलातही गेलाच असता.

आता 30आर10 आणायचा कुठून? नेहमीच्या पार्टवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "निळा सिलिकॉन आहे ना, दोनशे डिग्रीला हलत नाही." रेडिएटरसाठी बेशक दे, पण पेट्रोल सिलिकॉनमधून झिरपतं आणि त्याला फुगवतंही. मग म्हणे, कूलंटचा ईपीडीएम रबराचा पाइप आहे. ईपीडीएम पाण्यात आणि ब्रेक ऑइलमध्ये वर्षानुवर्षं टिकतो, पेट्रोलात मात्र काही दिवसांत सुजतो. स्टीलच्या जाळीचा टेफ्लॉन पेट्रोलाला पुरून उरेल, पण तो इतका ताठ, की बोटभर जागेत वळणार कसा? त्याला फिटिंगही वेगळी लागतात.

गिऱ्हाइकाला रात्रीचं भाडं होतं. "हाच 30आर9 नवा टाका, चार दिवस चालेल, मग बघू." चालला असता, आठवडाभर सहज. पण ती क्लिप सुटायची ती घाटातच सुटणार, मागे सामानासकट चार माणसं बसलेली असताना, आणि बिल माझ्या नावाचं. मी नाही म्हणालो. तो चिडला, चहाही घेतला नाही, भाडं भावाच्या गाडीवर ढकललं.

पुण्याच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडे 30आर10 निघाला. फूटभर तुकडा रात्रीच्या बसनं मागवला. किंमत ऐकून गिऱ्हाइकानं दोनदा विचारलं, मीटरची का फुटाची. सकाळी बोटभर कापला, दातेरी क्लिपा फेकून गुळगुळीत काठाच्या इंजेक्शन क्लिपा लावल्या, जाळी बदलली, टाकीचा तळ पुसून काढला. चावी फिरवली, काटा साडेतीनला. चावी बंद केली आणि घड्याळ लावून बघत बसलो. दाब टिकला.

जुन्या पाइपचे दोन्ही अर्धे त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत भरून नेले, आधीच्या मेकॅनिकला दाखवायला. उरलेला 30आर10 माझ्या कपाटात आहे. पार्टवाल्याला म्हटलं, एखादा मीटर दुकानात ठेवत जा. तो म्हणाला, "ठेवतो, पण लोक येऊन फ्युएल पाइप द्या एवढंच म्हणतात. कशात बुडवणार, ते कोण सांगतं?"