दुसरा उपप्रश्न

खासदाराचा स्वीय सहायक म्हणजे रेल्वेचं वेटिंगचं तिकीट कन्फर्म करून देणारा माणूस, असं आमच्या मतदारसंघात समजतात. ते मी करतोच. पण मी दिल्लीत टिकून आहे तो अधिवेशनातल्या प्रश्नांसाठी.

तारांकित प्रश्न म्हणजे ज्याला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं. त्याची नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. मग बॅलट, म्हणजे कुणाचा प्रश्न कितवा याची सोडत. एका दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न असतात आणि ११ ते १२ या तासात तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात जेमतेम चार-सहा. सतरावा नंबर लागणं म्हणजे पंगतीच्या टोकाला बसून जिलबी संपल्याचं ऐकणं. त्या हिवाळी अधिवेशनात भाऊंचा, म्हणजे आमच्या खासदारांचा, कापसाचा प्रश्न तिसरा लागला, तेव्हा मी रात्री झोपलोच नाही.

प्रश्न भाऊंच्या नावावर असला तरी लिहिलेला माझा होता, म्हणून जरा सविस्तर सांगतो. हमीभावाच्या सरकारी खरेदीत कापसात ८ टक्के ओलावा असला तर पूर्ण भाव मिळतो. त्याच्या वर भाव कापतात आणि १२ टक्के ओलांडले की गाडी परत. आता पहिल्या वेच्याचा कापूस दिवाळीच्या आगेमागे येतो. परतीचा पाऊस लांबलेला, वर रात्रीचं दव. गाडी परत नेऊन भाडं दुप्पट कोण भरणार? शेतकरी फाटकाबाहेरच्या व्यापाऱ्याला पडेल भावाने देऊन मोकळा होतो. सरकारी तक्त्यात त्याचा कापूस कुठेच दिसत नाही. खरेदी किती झाली ते दिसतं, नाकारलं किती ते नाही. परत गेलेल्या गाडीची पावती मला तरी आजवर कुणी दाखवलेली नाही.

म्हणून मी विचारलं होतं: ओलाव्याच्या कारणाने किती क्विंटल कापूस नाकारला, जिल्हावार सांगा.

सकाळी उत्तर हातात आलं. अपेक्षेप्रमाणे प्रश्नाचे सगळे भाग एकत्र बांधून ‘विवरण पटलावर ठेवले आहे’. पानंच्या पानं खरेदीचे आकडे, नाकारलेल्या कापसावर एक ओळ नाही. ही मंत्रालयांची जुनी कला आहे. न विचारलेल्याचं उत्तर इतकं भरघोस द्यायचं, की विचारलेलं विसरलं जावं.

तोंडी उत्तरानंतर खासदाराला तिथेच उपप्रश्न विचारता येतात. मी भाऊंना दोन लिहून दिले. पहिला: नाकारलेल्या कापसाची नोंद ठेवता का, हो की नाही? दुसरा: नसाल ठेवत, तर पुढच्या हंगामापासून ठेवणार का, आणि कोणत्या तारखेपासून? मंत्र्याच्या तोंडून ‘माहिती मागवतो’ किंवा ‘विचाराधीन आहे’ एवढं जरी निघालं, तरी ते आश्वासन ठरू शकतं. ते लोकसभेच्या शासकीय आश्वासन समितीच्या वहीत चढतं आणि तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं. ही समिती १९५३ पासून आहे. पत्रकारांपैकी किती जण तिचे अहवाल उघडतात, हे न बोललेलंच बरं.

मी टीव्हीसमोर बसलो होतो. भाऊंनी पहिला उपप्रश्न शब्दशः वाचला. मंत्र्यांनी अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे पाहिलं, चिठ्ठी आली आणि ते म्हणाले, माहिती मागवून सदस्यांना कळवतो. मी जागेवरून उडालो. आश्वासन मिळालं होतं! आता फक्त तारीख बांधून घ्यायची.

तेवढ्यात मंत्र्यांनी हसत पुस्ती जोडली, की शेतकऱ्यांनीही कापूस नीट वाळवून आणावा, त्यासाठी जनजागृती करू.

भाऊंनी कागद खिशात घातला. पुढचं मिनिटभर जे बोलले ते हिंदीत सुरू झालं आणि वऱ्हाडीत संपलं. त्यातला एक शब्द मी इथे लिहीत नाही. पीठासनावरून ‘रेकॉर्डवर जाणार नाही’ असं आलं, माइक बंद झाला, कॅमेरा पीठासनावर गेला. पुढचा प्रश्न पुकारला गेला.

संध्याकाळपर्यंत ती क्लिप गावोगावच्या ग्रुपवर पोहोचली होती. फोन थांबेना. ‘भाऊनं बरोब्बर वाजवली.’ कामकाजाच्या छापील नोंदीत त्या शब्दाच्या जागी फुली आहे आणि दुसऱ्या उपप्रश्नाच्या जागी काहीच नाही.

रात्री मी म्हटलं, “भाऊ, तारीख मागायची राहिली.”

“वावरात दव पडते ते का त्याच्या बापानं वाळवाव? मले म्हनते वाळवून आना. अन मी तुह्या कागदावरचं वाचत बसू? तुह्या त्या समितीचा अहवाल गावात कोन वाचते, सांग बरं.”

कोणीच वाचत नाही, हे खरंच होतं. जिल्हा परिषदेपासून लोकसभेपर्यंत भाऊ याच तोंडावर निवडून आले आहेत. आमच्याकडे जांबुवंतराव धोटेंची आठवण अजून निघते. पेपरवेट फेकल्यावरून १९६४ मध्ये विधानसभेने त्यांना काढलं, लोकांनी पोटनिवडणुकीत परत पाठवलं आणि १९७१ मध्ये नागपूरने थेट लोकसभेत. मी भाऊंना मधु दंडवत्यांचं उदाहरण देतो. आवाज न चढवता नियमावर बोट ठेवून मंत्र्याला अडवणारा माणूस, राजापूरहून सलग पाच वेळा. भाऊ म्हणतात, “कोकनात कापूस नाई होत.” यावर काय बोलणार?

पण एक गोष्ट मला सुचू देत नाही. क्लिप फिरली त्याच आठवड्यात आमच्या तालुक्यातल्या केंद्रावर ओलावा मोजायचं दुसरं यंत्र आलं आणि मोजणी शेतकऱ्यासमोर होऊ लागली. माझ्या कुठल्याही प्रश्नाने हे आजवर घडलं नव्हतं. ओरडण्यामुळे आलं की आधीच निघालेलं होतं, हे विचारायला गेलो तर केंद्रावर मला चहा पाजला, उत्तर दिलं नाही.

आश्वासनाचं म्हणाल तर मंत्रालयाने आधी मुदतवाढ घेतली आणि मग कळवलं, की अशी नोंद ठेवली जात नाही. हे मला प्रश्न लिहितानाच माहीत होतं. ‘ठेवणार का’ हे विचारायचं होतं, ते खिशात राहिलं.

या अधिवेशनासाठी तीच नोटीस पुन्हा दिली आहे, आता ‘ठेवणार का’ हा भाग मूळ प्रश्नातच घालून. भाऊंकडे सहीला नेली तेव्हा त्यांनी न वाचता सही केली आणि विचारलं, “मंत्री तोच हाय ना?”