मिलो

लातूरकडून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला : "तिकडं ज्वारी मिळती का गं?"

मिळते म्हणजे काय! अमेरिकेतली सगळ्यात जास्त ज्वारी आम्ही राहतो त्या कॅन्सस राज्यातच पिकते. विचिटा शहर सोडून पश्चिमेला डॉज सिटीच्या रस्त्याला लागलं की सप्टेंबर-ऑक्टोबरात रस्त्याच्या कडेनं तांबड्या कणसांची शेतं दिसत राहतात. फक्त ती माणसांसाठी नसते. गुरं खातात, कोंबड्या खातात, तिच्यापासून गाडीत घालायचं इथेनॉल होतं, आणि बरीचशी जहाजानं परदेशी जाते. म्हणजे ज्वारीच्या मुलखात राहून मी भाकरीचं पीठ मात्र भारतीय दुकानातून, सात समुद्र ओलांडून आलेलं घेत होते.

आणि ते पीठ विरी गेलेलं. ज्यांनी कधी भाकरी थापली नाही त्यांच्यासाठी सांगते : ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. भाकरी एकत्र धरून ठेवायची ती ताज्या पिठाच्या जिगटीनं आणि उकळत्या पाण्यानं. पीठ महिनोन्‌महिने पिशवीत पडलं की ती जिगट जाते. मग कितीही मळा, थापताना कडेला भेगा पडतात, उचलताना भाकरीचे दोन तुकडे होतात आणि तव्यावर पाणी फिरवेपर्यंत तिची नक्षी झालेली असते. पहिलं वर्ष मी स्वतःलाच दोष देत होते. लातुरात वाढलेली मुलगी आणि भाकरी येईना! आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली, "हाताला काय झालं नाही तुझ्या, पीठ जुनं हाय."

उपाय साधा निघाला. पीठ न घेता अख्खी ज्वारी घ्यायची आणि घरी दळायची. ओट्यावर मावणारी एक छोटी चक्की घेतली. तिचा आवाज असा की शेजारच्या आजीबाईंनी एकदा दार वाजवून सगळं ठीक आहे ना विचारलं. आठवड्यापुरतंच दळते आणि पीठ डबा घट्ट लावून फ्रीजरमध्ये ठेवते. मळताना निम्म्या पिठावर खळखळतं पाणी ओतायचं, झाकायचं, दहा मिनिटांनी उरलेलं पीठ घालून तळहाताच्या मुळानं रगडायचं. एवढं केलं की भाकरी तुटत नाही. फुगण्याचा प्रश्न मात्र राहिला, कारण आमची शेगडी काचेची. जाळ नाही, निखारा नाही. त्यावर जाळीचा एक स्टँड ठेवून कसंबसं भागवतो. पापुद्रा सुटतो, पण चुलीजवळ उभी केलेली भाकरी जशी टम्म फुगते तशी नाही. धुराचा अलार्म वाजतो तो वेगळाच. लेक हातात टॉवेल घेऊन त्याच्याखाली उभी राहते, ते तिचं काम.

हे सगळं सुरू कशामुळे झालं, तर नवऱ्याच्या शुगरमुळे. तीन वर्षांपूर्वी तपासणीत आकडा काठावर आला. त्याआधी आमचं जेवण म्हणजे भात, ब्रेड, पास्ता आणि शुक्रवारी बाहेरून काहीतरी. बातमी गावाकडं पोचली आणि फोनवर एकच सल्ला सुरू झाला : ज्वारी खा, ज्वारी खा. जशी काही ती गोळीच आहे. मी आकडे काढून बसले. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण दहा ग्रॅम प्रथिनं, तेवढाच चोथा म्हणजे फायबर आणि सदुसष्ट-अडुसष्ट ग्रॅम कर्बोदकं. म्हणजे चोथा चांगला आहे, पोट भरलेलं राहतं, पण ताटात चार भाकरी घेतल्या तर ज्वारी काही वाचवायला येत नाही. आमच्याकडं फरक पडला तो चारच्या दोन झाल्या, वरण घट्ट झालं, पालेभाजी रोजची झाली आणि जेवण संध्याकाळी साडेसहाला आलं म्हणून. रात्री जेवून तिघंही फिरायला जातो. पुढच्या तपासणीला आकडा खाली आला, त्यात भाकरीचा वाटा किती आणि चालण्याचा किती, हे मला वेगळं काढता येणार नाही.

पण मला खरं सांगायचंय ते दुसरंच. भाकरी पौष्टिक आहे असं फोनवर सगळे सांगत होते, ती थापणार कोण हे कुणी विचारत नव्हतं. माझी आई पहाटे साडेचारला उठून वीस-बावीस भाकरी बडवायची. शेतावर जाणाऱ्यांच्या, आमच्या डब्याच्या, गड्याच्या. आम्ही त्याला 'साधं जेवण' म्हणत आलो. साधं कसलं! मी इथं आठ तास नोकरी करते, आल्यावर लेकीला पोहायला नेते, आणि वर रोज गरम भाकरी? महिनाभर केली आणि एका बुधवारी परात तशीच ठेवून कोचावर जाऊन बसले. "ज्याची शुगर त्यानं थापावी," एवढंच म्हणाले. रागात म्हणाले होते, पण नवरा खरंच उठला.

त्याची पहिली भाकरी अमेरिकेच्या नकाशासारखी होती, फ्लोरिडासकट. पण त्याचे हात मोठे, आणि माणूस चिकाटीचा. दोन महिन्यांत माझ्यापेक्षा पातळ थापू लागला. आता सोमवार ते गुरुवार भाकरी त्याची, भाजी-वरण माझं. रविवारी मी धपाट्यांचं पीठ भिजवते : ज्वारी, थोडी कणीक, थोडं बेसन, लसूण, तीळ, ओवा आणि मूठभर कोथिंबीर. ते लेकीच्या डब्याला दोन दिवस जातात, कारण धपाटा गार झाला तरी खाता येतो. शाळेत तिची मैत्रीण दह्याला लावून अर्धा खाते म्हणे.

चटण्यांचं म्हणाल तर जवस इथं कुठल्याही दुकानात मिळतो, चांगला साफ केलेला. कारळं मात्र मला सापडलं ते बागेच्या सामानाच्या दुकानात, पाखरांच्या खाद्यात! पिवळ्या छोट्या फिंच पक्ष्यांना ते फार आवडतं. मी पिशवी हातात घेऊन बराच वेळ उभी होते. पण माणसांसाठी निवडलेलं नाही ते खाऊ नये, म्हणून परत ठेवलं. कारळ्याची चटणी भाजून कुटलेलीच गावाहून येते.

तर असं आमचं बस्तान बसलेलं असताना गेल्या वर्षी सप्टेंबरात आत्या आल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. औसा तालुक्यातल्या, वय साठीच्या पुढं, पहिल्यांदाच विमानात बसलेल्या. मला मनातून धाकधूक होती. लेकाला परातीपुढं बघून काय म्हणतील?

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी नवऱ्यानं बाह्या सरसावल्या. आत्या स्वयंपाकघराच्या दारात. मी मुद्दाम मेथी निवडायला बसले, खाली मान घालून.

"काय करू लालास रे बापू?"

"भाकरी करू लालाव, आई."

बराच वेळ नुसता थापण्याचा आवाज. मग आत्या पुढं आल्या, पण परात ओढून घेतली नाही. बोट दाखवून म्हणाल्या, "मधी कामून दाबू लालास? कडंला दाब. मधली आपोआप पातळ व्हती." त्यानं कडेला दाबली. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या काचेच्या शेगडीवर भाकरी पुरती फुगली. आत्यांनी ती स्वतःच्या ताटात घेतली, पोपडा काढून त्यात तेल-चटणी घातली आणि म्हणाल्या, "तुज्या बापाला येत नव्हती." एवढंच. कौतुक की टोमणा, अजून ठरलेलं नाही.

मग त्यांनी मागचं अंगण ताब्यात घेतलं. चौथ्या दिवशी फरशीच्या फटीतून घोळ उपटून आणली. आपली घोळच, जाड तांबूस देठांची, लुसलुशीत पानांची. इथं लोक तिला तण म्हणून औषध मारतात. आमच्या अंगणात काही मारलेलं नव्हतं म्हणून बरं. घोळीसारखंच दिसणारं, जमिनीलगत पसरणारं दुसरं एक तण इथं असतं. देठ मोडला की त्यातून पांढरं दूध येतं, ते खायचं नाही. आत्यांना हे सांगायला गेले तर त्यांनीच मला देठ मोडून दाखवला. मुगाची डाळ घालून घोळीची भाजी झाली. लेकीला आवडली नाही, हेही नोंदवून ठेवते.

आणि एक गोष्ट. भांडी घासताना आत्या नळ सोडून ठेवत नसत, आणि मीही नाही. 2016 साली मिरजेहून पाण्याची रेल्वे आली त्या लातूरची मी. नवरा म्हणतो, तुम्हा दोघींना एका नळावर सोडलं तर अंघोळही तांब्यात होईल.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही डॉज सिटीकडं निघालो होतो. आत्या मागच्या सीटवर, खिडकीला नाक लावून. एकदम म्हणाल्या, "थांबीव. थांबीव म्हन्ते ना."

शेताच्या कडेला गाडी घेतली. आत्या उतरल्या, सरळ बांधाशी गेल्या. पीक जेमतेम कमरेइतकं. आपली मालदांडी ज्वारी डोक्याच्या वर जाते, कारण आपल्याला कणसाइतकाच कडबा लागतो. इथं यंत्रानं कापायची म्हणून बुटकी केलेली. त्यांनी एक कणीस वाकवलं, चार दाणे तळहातावर चोळले, फुंकर मारून भुसकट उडवलं आणि तोंडात टाकले. चावत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही तर मिलो."

मला क्षणभर कळलंच नाही. मिलो हा शब्द मी इथं आल्यावर ऐकलेला. कॅन्ससचे शेतकरी ज्वारीला मिलोच म्हणतात. तो आत्यांना कुठून ठाऊक?

1972 च्या दुष्काळातून. तेव्हा अमेरिकेहून लाल ज्वारी आली होती आणि रेशनवर तिला मिलोच म्हणायचे. आत्या तेव्हा तेरा-चौदा वर्षांच्या. आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर पाट्या उचलायच्या, तिथं सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावर वाटायचा कोरडा खाऊ, मिळायची आणि घरी मिलोची भाकरी. "लाल भडक. वास यायचा. थापली की तुटायची. आमाला वाटायचं, अमेरिकेची मान्सं अशीच खात असतील."

एवढ्यात मागं एक पिकअप येऊन थांबला. इकडच्या खेड्यात रस्त्याकडेला गाडी दिसली की कुणीतरी थांबतंच. शेत त्याचंच. सत्तरीचा उंच माणूस, डोक्याला टोपी. गाडी बंद पडली का, विचारू लागला. नवऱ्यानं खुलासा केला. माझ्या आईनं लहानपणी ही खाल्लीय, दुष्काळात, तुमच्याकडून आली होती. तो माणूस आत्यांकडं बघत राहिला. मग म्हणाला, तेव्हा मी वडिलांच्या हाताखाली याच शेतात राबायचो. आणि विचारलं, कशी लागायची?

नवऱ्यानं आत्यांना विचारलं. आत्या म्हणाल्या, "सांग त्येला, भूक हुती, चवीचं काय घिऊन बसलास."

त्यानं ते जसंच्या तसं सांगितलं. म्हातारा हसला नाही. खिशातून चाकू काढून सात-आठ कणसं कापली आणि आत्यांच्या हातात दिली. फवारणीचं नवऱ्यानं विचारून घेतलं, तेवढा तो सावध. "आम्ही कधी खाऊन पाहिली नाही," असं म्हणत म्हातारा गाडीत बसला.

कणसं अंगणात चादरीवर आठवडाभर वाळली. आत्यांनी ती बडवली, सुपाऐवजी ट्रेमध्ये पाखडली. चक्कीतून गुलाबीसर पीठ आलं. चार भाकरींपुरतं झालं असेल. त्या दिवशी त्यांनी लेकाला परातीजवळ येऊ दिलं नाही. उकळतं पाणी, झाकण, मग रगडणं, सगळं स्वतः. भाकरी तुटली नाही. लाल मात्र झाली, विटकरीकडं झुकणारी. जवसाची चटणी, कच्चं तेल आणि कांदा घेऊन आम्ही चौघं बसलो. मला ती आपल्या ज्वारीपेक्षा थोडी रुक्ष वाटली, बाकी काही नाही. वास तर नव्हताच.

आत्यांनी दोन घास खाल्ले. "बरी हाय की," म्हणाल्या. पुन्हा एक घास. "मंग तवा कामून तशी लागायची?"

नवरा सांगू लागला, जुना साठा असेल, जहाजात दमट झाली असेल, पीठ विरी गेलं असेल. मी म्हटलं, तोंडी लावायला काय होतं तेव्हा? त्या जरा थांबून म्हणाल्या, "मीठ. कंदी कंदी त्ये बी नसायचं." आणि लेकीच्या ताटात आणखी चटणी वाढली.

वाटीभर दाणे उरले होते. आत्यांना ते गावी न्यायचे होते, बहिणीला दाखवायला. बियाणं असं विमानातून नेता येत नाही म्हणून लेकानं नको म्हटलं, त्यावर दोन दिवस अबोला झाला. जायच्या आदल्या सकाळी त्या मागच्या पायरीवर बसल्या आणि मूठ-मूठ दाणे अंगणात टाकू लागल्या. इथले करडे होले येऊन टिपत होते. लेक शेजारी बसून मोजत होती. आत्या तिला सांगत होत्या, तुझ्याएवढी असताना मी माळ्यावर उभी राहून गोफणीनं पाखरं हाणायची, एक दाणा खाऊ द्यायची नाही. लेकीनं गोफण म्हणजे काय विचारलं, तेव्हा त्यांनी पदराच्या टोकाची करून दाखवली.