१२३ किलो

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५, रात्री

दसऱ्याला नव्या बाइकला घातलेला झेंडूचा हार आज काढला. हँडल वळवलं की तो क्लचच्या केबलमध्ये अडकायचा. आई म्हणाली, सुकेपर्यंत राहू दे की. म्हटलं, आई, मलाच अजून क्लच नीट सापडत नाहीये, त्यात फुलं कशाला!

घ्यायची होती रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०. नाशिकच्या कॉलेज रोडला तिचा तो आवाज आला की मान वळायचीच. २२ सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा तर मनाला निमित्तच मिळालं. मावसभावाकडे तीच गाडी. तो पाथर्डी फाट्याला घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, चालवायचं नंतर. आधी पार्किंगमधून मागे काढून दाखव."

आमचं पार्किंग रस्त्यापेक्षा खाली, मध्ये चढ. गाडी १९५ किलो, मी ५२. सीट ८०५ मिलिमीटरवर. माझी उंची पाच फूट एक इंच, त्यामुळे टेकले ते फक्त चवडे. चवड्यांवर जोर देऊन चढावर उलटी ढकलायची! तसूभर हलली नाही. शेवटी वॉचमनकाका खुर्चीतून उठले, आणि त्यांच्या त्या उठण्याची मला जास्त लाज वाटली. मायलेज, पिकअप, रिसेल यावर ऑफिसात प्रत्येकाने व्याख्यान दिलं होतं. मागे कशी काढशील, हे एकानेही विचारलं नव्हतं.

मग टीव्हीएस रेडर. १२३ किलो, सीट ७८० मिलिमीटर. दोन्ही टाचा नाही, पण एक पाय पूर्ण टेकतो. जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारं एबीएस सोडावं लागलं, ते मात्र टोचतंय. १२५ सीसीच्या वर ते सक्तीचं आहे, त्याखाली कंबाइन्ड ब्रेकवर भागतं: एक ब्रेक दाबला की दुसऱ्या चाकालाही थोडा लागतो, पण चाक लॉक होणं त्याने थांबत नाही. ओल्या रस्त्यावर सांभाळावं लागणार.

शोरूममध्ये ऑन-रोड किमतीत 'हँडलिंग चार्जेस' अशी एक ओळ होती. बाबांनी विचारलं, हे कशाचे? पोरगा म्हणाला, सगळेच देतात काका. बाबा काही न बोलता चष्मा पुसत बसले. बराच वेळ. ओळ गेली. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा कायद्यानेच लागतो, तो मुकाट भरला. हँडलिंगच्या वाचलेल्या पैशांत थोडे घालून आयएसआय मार्कचं चांगलं हेल्मेट आलं.

आज पहाटे बाबांबरोबर तपोवनात. लायसन्स मी पेठ रोडच्या आरटीओत बाबांच्या स्प्लेंडरवर काढलं. तिचे चारही गिअर पुढे दाबायचे. हिचा पहिला खाली, बाकीचे वर. पायाला हे कोण सांगणार? दुसऱ्यावर असताना तिसरा म्हणून सवयीने दाबला, तो पडला पहिला. गाडीने असा हिसका दिला की मागे बसलेल्या बाबांचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटलं. "स्प्लेंडर विसर," एवढंच म्हणाले. पंचवीस वर्षं तीच चालवणारा माणूस!

उद्या अंबड लिंक रोडने सातपूरला, एकटीने. ट्रकची गर्दी व्हायच्या आत, सातलाच निघेन.

संध्याकाळी सराव म्हणून गाडी चढावरून दोनदा मागे काढली. वॉचमनकाका अर्धे उठले होते, परत बसले.